भिंतीजवळ उभा असलेला माणूस

मेक्सिको सिटीतला फ्रान्सिस्को मार्केझ तलाव १९६८ च्या ऑलिम्पिकचा. शहर समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंच, हवा विरळ, खालून आलेल्या माणसाला नुसता जिना चढला तरी दम लागतो, आणि त्याच तलावात डिसेंबर २०१७ मध्ये जागतिक पॅरा स्विमिंग चॅम्पियनशिप झाली. तिथे २०० मीटर वैयक्तिक मेडलेत, म्हणजे बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल असे चारही प्रकार एकापाठोपाठ, पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंध खेळाडूंच्या एस-११ गटात कांचनमाला पांडेने गोल्ड मेडल जिंकलं. नागपूरची, रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारी, जन्मापासून अंध असलेली मुलगी. या चॅम्पियनशिपमधलं भारताचं ते पहिलं गोल्ड. मी आजवर कितीतरी पोहणाऱ्या लोकांना तिच्याबद्दल विचारलंय, कोचना पण विचारलंय, आणि फार थोड्यांना तिचं नाव माहीत असतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ती स्पर्धा होईल की नाही हेच खरंतर नक्की नव्हतं. सप्टेंबरअखेरीस सुरू व्हायची होती, देशोदेशीचे खेळाडू निघायच्या तयारीत, आणि १९ सप्टेंबरला मेक्सिकोत ७.१ चा भूकंप झाला. १९८५ चा तो मोठा भूकंप पण १९ सप्टेंबरचाच. शहरात इमारती कोसळलेल्या, माणसं ढिगाऱ्याखाली, तिथे स्पर्धा कोण घेणार, मग ती पुढे ढकलून डिसेंबरमध्ये घेतली. ब्रिटनसह काही देश नव्या तारखांना आलेच नाहीत. आता काही जण म्हणतात की मग ते गोल्ड थोडं सोपं झालं असेल. मला हे अजिबात पटत नाही. जो आला तो पोहला, जो पहिला भिंतीला लागला तो जिंकला, आणि ऐनवेळी स्पर्धा दोन महिने पुढे गेल्यावर फॉर्म टिकवून ठेवणं, नोकरीतून पुन्हा रजा काढणं, हे सगळं जे आले त्यांनी केलंच की.

पण मला आज लिहायचंय ते मेडलपेक्षा त्या रेसमधल्या एका माणसाबद्दल, ज्याचं नाव निकालात कुठेच येत नाही.

पन्नास मीटरच्या तलावात २०० मेडले म्हणजे चार फेऱ्या. तीन टर्न आणि एक फिनिश, म्हणजे चार वेळा भिंत येते. डोळस माणसाला तळाची काळी रेघ दिसते, ती टीच्या आकारात संपली की कळतं भिंत आली. बॅकस्ट्रोकला डोक्यावर झेंड्यांची माळ दिसते, तिथून स्ट्रोक मोजायचे. अंध पोहणाऱ्याला यातलं काहीच नाही. तो पूर्ण वेगाने सिमेंटच्या भिंतीकडे येत असतो आणि त्याला थांबवायला, खरंतर थांबवायला नाही, नुसतं सांगायला, दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा असतो. त्याला टॅपर म्हणतात. हातात लांब काठी, टोकाला फोमचा किंवा टेनिस बॉलचा गोळा, बरेच जण मासे पकडायची फोल्डिंगची काठी वापरतात. पोहणारा जवळ आला की त्याच्या डोक्यावर नाहीतर पाठीवर एक टॅप. त्या एका टॅपवर तो टर्न घेतो. लवकर टॅप केला तर भिंत हाताला लागतच नाही, मधेच थांबून चाचपडावं लागतं. उशिरा केला तर डोकं, बोटं, मनगट भिंतीवर.

एस-११ गटात हा टॅपर सक्तीचा आहे. आणि गॉगल काळे केलेले, प्रकाश अजिबात आत येणार नाही असे, कारण एखाद्याला थोडा उजेड जाणवत असतो आणि एखाद्याला तोही नाही, तर सगळ्यांना सारखाच अंधार. रेस संपल्यावर अधिकारी ते गॉगल तपासतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्यावर विचार करत होतो. बरोबरी आणायची तर कुणाला तरी बसून हे सगळं ठरवावं लागतं, लिहावं लागतं, तपासावं लागतं.

या खेळाचं नियमपुस्तक मी हौसेने वाचलंय आणि मला ते फार आवडतं. उदाहरणार्थ, अंध पोहणारा उडी मारल्यावर किंवा टर्ननंतर चुकून शेजारच्या लेनमध्ये वर आला आणि ती लेन रिकामी असेल, तर त्याने तिथेच रेस पूर्ण केली तरी चालतं. लेन रिकामी नसेल तर त्याला परत यावं लागतं, आणि अशा वेळी टॅपरला तोंडाने सूचना देता येते, पण आधी खेळाडूचं नाव घेऊन, म्हणजे शेजारच्याचा गोंधळ नको. बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकला दोन्ही हात एकदम भिंतीला लागले पाहिजेत हा सगळ्या जगाचा नियम, पण अंध पोहणारा लेनच्या दोरीला फार चिकटून आला असेल तर हात मागेपुढे लागले म्हणून त्याला बाद करत नाहीत, फक्त त्याने दोरी ओढून पुढे जायचं नाही. हे ज्यांनी लिहिलं त्यांनी नक्कीच तासन्‌तास काठावर बसून अंध माणसं कशी पोहतात हे बघितलं असणार. नुसत्या सहानुभूतीने असं काही सुचत नाही.

मी स्वतः टॅपर झालो ते आमच्या शहरातल्या तलावावर. सकाळच्या बॅचला बँकेच्या परीक्षांची तयारी करणारा एक अंध मुलगा यायला लागला. गावाकडे विहिरीत शिकलेला, पाठीला डबा बांधून भावांनी ढकललेला, तसंच आमच्या भागात सगळेच शिकतात. पाण्याची भीती शून्य. त्याआधी तो दुसऱ्या एका तलावावर गेला होता, तिथे त्याला सांगितलं होतं की काही झालं तर जबाबदारी कोण घेणार, सोबत माणूस आणा, मग माणूस आणला तर त्याचंही तिकीट काढा, मग म्हणे गर्दीच्या वेळी नको, आणि गर्दी नसते तेव्हा तलाव बंद. हे सगळं तो शांतपणे सांगतो. मला ऐकताना राग येतो.

आमच्याकडे त्याला कडेची लेन मिळाली. आम्ही दोघं-तिघं मिळून झाडू बांधायच्या बांबूला जुन्या स्लीपरचा रबर कापून, गोल करून, फडक्यात गुंडाळून बांधला आणि काठी तयार केली. तो म्हणाला, "काका, पाठीवर मारा, डोक्यावर नको, डोक्यावर मारलं की माझा श्वास चुकतो." मग किती आधी मारायचं हे ठरलं. फ्रीस्टाइलला भिंतीला एक स्ट्रोक राहिलेला असताना. ब्रेस्टस्ट्रोकला तो डोकं वर काढतो तेव्हा नाही, खाली गेल्यावर. त्याच्या हाताची लय बघत उभं राहायचं, नजर हलवायची नाही, शेजारी कुणी गप्पा मारायला आलं तर उत्तर द्यायचं नाही. मी इतकी वर्षं पोहतोय पण पोहणं इतक्या बारकाईने कधी बघितलं नव्हतं. आणि तो ज्या वेगाने भिंतीकडे येतो ना, त्या वेगात माझ्यावरचा विश्वास असतो. पहिले काही दिवस तो भिंतीआधी हळू व्हायचा, एक हात पुढे चाचपडत. नंतर तो हळू व्हायचा बंद झाला, कधी झाला ते मला नेमकं कळलंही नाही, फक्त त्याचा टाइम कमी झालेला दिसला.

या चॅम्पियनशिपची सुरुवात नव्वदच्या दशकातली. माल्टा, क्राइस्टचर्च, मार देल प्लाता, डर्बन, आइंडहोवन, मॉन्ट्रियल, ग्लासगो अशी फिरत राहिली. गट कसे पाडतात हे समजल्याशिवाय ती बघण्यात मजा नाही. एस-१ ते एस-१० शारीरिक अपंगत्व, आकडा जितका लहान तितकी हालचाल कमी. ११ ते १३ दृष्टी. १४ बौद्धिक. ब्रेस्टस्ट्रोकचे गट वेगळे मोजतात कारण त्यात पायांचं काम जास्त. आजार कोणता यापेक्षा पाण्यात काय करता येतं हे महत्त्वाचं, म्हणून आधी टेबलवर तपासणी, मग पाण्यात, मग प्रत्यक्ष रेसमध्ये पण नजर ठेवतात. त्यामुळे एकाच रेसमध्ये एकाला पाय नाहीत, दुसऱ्याला पाय आहेत पण हात अर्धे, तिसऱ्याला सेरेब्रल पाल्सी, असे सगळे शेजारी शेजारी उभे दिसतात.

यात भांडणं पण होतात, आणि ती लपवण्यात काही अर्थ नाही. व्हिक्टोरिया आर्लेन नावाची अमेरिकन मुलगी, मणक्याच्या आजारातून, कोमातून बाहेर आलेली, २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकला १०० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड घेतलं तिने. पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलच्या जागतिक स्पर्धेला ती पोचली आणि तिथे तिला अपात्र ठरवलं, कारण तिचं अपंगत्व कायमचं आहे असा पुरेसा पुरावा नाही. पाण्यात उतरायच्या तोंडावर हे कळलं तिला. नंतर काही वर्षांनी ती पुन्हा चालायला लागली. म्हणजे नियम बरोबर होता असं कुणी म्हणेल, पण तेव्हा तर ती व्हीलचेअरवर होती ना, आणि बरं होण्याची शक्यता आहे म्हणून शिक्षा झाल्यासारखंच झालं. मी हे दोन्ही बाजूंनी कितीदा तरी विचार करून बघितलंय. नियम पाहिजेच, त्याशिवाय चौथ्या नंबरवर आलेल्या मुलीला न्याय नाही. पण ते सांगायची वेळ आणि पद्धत माणसाची पाहिजे होती, इतकं मी ठामपणे म्हणेन.

पाण्यात जाताना सगळं काठावर ठेवायचं असतं. व्हीलचेअर, कृत्रिम पाय, काठी, काही चालत नाही. म्हणून स्टार्टला मदतनीस लागतो, कुणाला ब्लॉकवर कंबरेला धरून उभं करावं लागतं, कुणी पाण्यातूनच सुरुवात करतो. बॅकस्ट्रोकला हात नसलेले खेळाडू टॉवेल किंवा दोरी दातात धरून लटकतात आणि दुसरा माणूस ती काठावरून धरून असतो. चीनच्या झेंग ताओचे दोन्ही हात लहानपणी विजेच्या धक्क्याने गेले, टोकियो पॅरालिम्पिकला त्याने चार गोल्ड घेतली, आणि फिनिशला तो डोक्याने भिंतीला लागतो. पूर्ण वेगात, डोक्याने. ब्राझीलचा गॅब्रिएल आराऊजो, एस-२ गटातला, हात नाहीत, पाय आखूड, अख्खं अंग लाटेसारखं हलवत उताणा जातो. पॅरिसला तीन गोल्ड. त्याला बघताना मला पहिल्यांदा वाटलं की पोहणं म्हणजे हातपाय मारणं हे आपण नुसतं धरून चाललोय.

आमच्याच वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या विभागात होते, बॉक्सिंग करायचे, १९६५ च्या युद्धात सियालकोट भागात गोळ्या लागल्या, कंबरेखाली शरीर निकामी. मुंबईच्या अश्विनी नौदल रुग्णालयात उपचार चालू होते आणि तिथे त्यांना व्यायाम म्हणून पाण्यात उतरवलं. १९६८ ला ते तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला टेबल टेनिस खेळले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत झाली. मग ऑगस्ट १९७२, हायडेलबर्ग. त्या वर्षीचं ऑलिम्पिक म्युनिकला होतं, पण तिथलं क्रीडाग्राम नंतर फ्लॅट म्हणून द्यायचं होतं, तिकडे व्हीलचेअरवाल्यांची सोय होणार नाही म्हणून ती स्पर्धा हायडेलबर्गला नेली. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइलला ३७.३३ सेकंद, तेव्हाचा विश्वविक्रम, आणि गोल्ड. ऑलिम्पिक धरा की पॅरालिम्पिक, वैयक्तिक गोल्ड जिंकणारा पहिला भारतीय सांगली जिल्ह्यातला होता. पद्मश्री मिळाली २०१८ ला. मग २०२४ ला त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला तेव्हा कुठे घराघरात नाव पोचलं.

पेटकरांची गोष्ट सांगताना सगळे नऊ गोळ्या, सात गोळ्या, जिद्द, हेच सांगतात. जिद्द होतीच, त्याशिवाय काहीच झालं नसतं. पण मला त्या दवाखान्यातला तो माणूस शोधावासा वाटतो ज्याने ठरवलं की याला पाण्यात उतरवा. ज्याने त्यांना पहिल्यांदा उचलून पाण्यात सोडलं. सैन्याच्या दवाखान्यात व्यायामाची शिस्त होती, पाणी होतं, वेळ देणारी माणसं होती. तितकीच जिद्द असलेला दुसरा जवान जर अशा ठिकाणी पोचला नसता तर तो घरी खाटेवर पडून राहिला असता आणि आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं. असे किती राहिले असतील.

कांचनमालाचंच बघा ना. मेक्सिकोच्या आधी त्याच वर्षी जुलैमध्ये ती बर्लिनच्या पॅरा स्पर्धेला गेली होती. सरकारकडून मंजूर झालेले पैसे वेळेत तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत. पाच लाखांचं कर्ज, परक्या शहरात हातात पैसे नाहीत, लोकांकडे मागायची वेळ आली, ट्राममध्ये तिकीट नसल्याने दंड. तरी सिल्व्हर मेडल घेतलं आणि त्या स्पर्धेतून मेक्सिकोसाठी क्वालिफाय झाली. बातम्या आल्या, दोन दिवस सगळे हळहळले, तिच्या जिद्दीला सलाम वगैरे झालं. मला तो सलाम नको वाटतो. पाण्यात तिला भिंत कधी येते हे सांगायला दोन टोकांना दोन माणसं असतात, आणि पाण्याबाहेर, विमानापासून हॉटेलपर्यंत, एकही टॅप नाही. मी रागावून लिहितोय हे मला माहितीये.

आणि सुयश जाधव, आपल्या करमाळ्याकडचा. अकरा वर्षांचा असताना विजेचा शॉक लागून दोन्ही हात कोपराखालून गेले. २०१८ ला जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं गोल्ड, नंतर अर्जुन पुरस्कार. बटरफ्लाय! ज्यात पूर्ण खेळ खांद्या-हातांचा समजतात तो प्रकार. त्याचे वडील पोहणारे होते, घरात पाणी कळणारं माणूस होतं. पुन्हा तेच.

ब्राझीलचा डॅनिएल डायस तर निव्वळ टीव्हीमुळे सुरू झाला. २००४ ला अथेन्समध्ये आपल्याच देशाच्या क्लोडोआल्डो सिल्वाला पोहताना त्याने टीव्हीवर बघितलं, असंही काही असतं हे तेव्हा त्याला कळलं, आणि पुढे त्याने पॅरालिम्पिकची २७ मेडल्स घेतली. इटली २०१९ लंडन, २०२२ फुंशाल, २०२३ मँचेस्टर असं सलग तीन जागतिक स्पर्धांत पहिल्या नंबरवर राहिली, त्या देशात अचानक जिद्दी माणसं जन्माला आली असं तर नाही. तलाव, क्लब, कोच आणि संध्याकाळी गाडीने मुलाला नेणारं कुणीतरी, इतकं सगळं एका रांगेत आलं असणार.

आमच्या तलावावर आता दुसरं रेलिंग बसलंय, शॉवरपर्यंत जायला पायाला जाणवेल अशी रबरी पट्टी टाकलीय, खर्च फार नाही आला. मॅनेजर आधी नाराज होते, आता स्वतः नवीन गार्डला सांगतात की कडेच्या लेनमध्ये सकाळी उडी मारायची नाही. टॅपरचं एक टाइमटेबल केलंय व्हॉट्सॲपवर, एक रिटायर्ड शिक्षक बाई फार छान टॅप करतात, आमच्या सगळ्यांपेक्षा छान. व्हीलचेअरवरून पाण्यात उतरायला लिफ्ट मात्र अजून नाही, त्यासाठी अर्ज दिलाय, तो फिरतोय.

सप्टेंबर २०२५ ला ही स्पर्धा सिंगापूरला झाली, आशियात पहिल्यांदाच. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार, मी लॅपटॉप लावला आणि तो मुलगा माझ्याकडे आला होता, मी त्याला एकेक रेस सांगत होतो. अंधांच्या रेसला त्याने मला थांबवलं. कोण पुढे आहे ते तो कॉमेंट्रीतून ऐकत होताच, त्याला हवं होतं ते वेगळं. टॅपर कुठे उभाय, काठी किती लांब आहे, एका हाताने धरलीय की दोन्ही, पाठीवर मारतो की डोक्यावर, मारल्यावर काठी लगेच वर उचलतो का. मला नीट सांगताच येईना कारण कॅमेरा टर्नला पाण्याखाली जातो, फिनिशला स्कोअरबोर्डकडे जातो, टॅपर कडेला अर्धा सेकंद दिसतो, नुसते पाय आणि काठीचं टोक. तो जाम वैतागला. "काका, यांनी एक कॅमेरा फक्त काठावर लावायला पाहिजे," म्हणाला, "आम्हाला शिकायचंय कुठून?" मग आम्ही रेकॉर्डिंग मागे घेऊन, थांबवून, पुन्हा मागे घेऊन, एकाच टॅपरचे चार टॅप बघितले. म्हणजे मी बघितले आणि काठीचा झोका त्याच्या खांद्यावर बोटांनी दाखवला. तो डोक्यात हिशेब करत होता. मग म्हणाला, उद्यापासून काठी एक हात लांब करू, बाईंना फोन लावा.